पाण्याचे जाळे आणि प्रकाशाचे जाळे

नदीच्या काठी नगरे वसावीत, हा इतिहासाचा सर्वसाधारण नियम आहे. पुणे मुळा-मुठेच्या काठी वाढले, नाशिक आणि पैठण गोदावरीच्या. बंगळूर हे या नियमाला अपवाद असलेले नगर होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर ते वसले असून त्याला मोठी अशी एकही नदी नाही. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने येथे किल्ला बांधला व पेठा वसविल्या. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे ते म्हैसूरच्या वडियारांकडे गेले. राज्यकर्ते बदलले, परंतु पाण्याचा प्रश्न सर्वांपुढे सारखाच राहिला. त्याचे उत्तर तलावांच्या रूपाने शोधले गेले. उतारावर ठिकठिकाणी मातीचे बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, आणि वरचा तलाव भरला की जादा पाणी ओहोळांनी व कालव्यांनी खालच्या तलावात सोडावयाचे, अशी ती योजना होती. या कालव्यांना कन्नड भाषेत ‘राजकालुवे’ म्हणतात. शेकडो तलाव या कालव्यांनी एकमेकांस जोडले गेले, आणि नदी नसलेल्या या पठारावर पाण्याचे एक विस्तीर्ण जाळे तयार झाले.

या जाळ्यातील सर्वांत मोठा तलाव बेळ्ळंदूरचा. शहराच्या आग्नेयेस, सुमारे ९०० एकरांचा त्याचा विस्तार आहे. शहराच्या मध्यभागातून व दक्षिण भागातून उतरणारे पाणी येथे जमते, येथून ते वर्तूरच्या तलावात जाते, आणि पुढे दक्षिण पिनाकिनीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघते. तलावाखाली शेती होती, तलावात मासे होते, आणि गावोगावी पाण्याची वाटणी करणारा एक वंशपरंपरागत सेवक होता. त्याला ‘नीरुगंटी’ म्हणत. कोणाच्या शेताला किती घटका पाणी द्यावयाचे, मोरी केव्हा उघडावयाची आणि केव्हा बंद करावयाची, हे तो पाहत असे. आपल्याकडे खानदेशात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करीत आला, तेच हे काम. बांध घालणाऱ्या राजाचे नाव शिलालेखात कोरले जाते आणि नीरुगंटीचे नाव कोठेच लागत नाही. तथापि बांध पिढ्यान् पिढ्या टिकतो तो या दुसऱ्या माणसामुळेच.

आज बेळ्ळंदूरचे नाव देशभर ठाऊक आहे ते मात्र पाण्याच्या जाळ्यामुळे नव्हे. त्या जुन्या जाळ्यावर गेल्या तीस वर्षांत दुसरे एक जाळे अंथरले गेले. ते केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंचे आहे, आणि त्यातून पाण्याऐवजी प्रकाश वाहतो. या प्रकाशतंतूंच्या मार्गाने वेगवान इंटरनेट एका शहरातून दुसऱ्या शहरात, मोठ्या शहरातून लहान शहरात आणि तेथून खेड्यात कसे पसरले, याचा इतिहास अद्याप ताजा आहे. परंतु तो समजून घ्यावयाचा तर त्याच्या आधीच्या एका तारेपासून सुरुवात करावी लागते.

हिंदुस्थानात तारायंत्राचा पहिला प्रयोग १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने केला. कंपनी सरकारला त्याचे महत्त्व पटण्यास बारा वर्षे लागली. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार कंपनीच्या कामासाठी सुरू झाली, आणि १८५३ च्या नोव्हेंबरात सुमारे ४,००० मैलांचे काम हाती घेण्यात आले. कलकत्त्याहून आग्रा आणि पेशावर, सेंधव्याच्या घाटातून मुंबई, आणि दक्षिणेस मद्रास, उटकमंड व बंगळूर अशा त्या तारा होत्या. या ठिकाणांची यादी वाचली की तार कोणासाठी घातली गेली, हे वेगळे सांगावे लागत नाही. राजधानी, बंदर, छावणी आणि उन्हाळ्यात साहेब ज्या डोंगरावर राहत ते ठिकाण, एवढीच ती यादी आहे. बंगळुरास लष्कराचे मोठे ठाणे होते, म्हणून त्याचा क्रमांक पहिल्या फेरीत लागला. तारेचे खांब ज्या गावांच्या शिवारातून गेले, त्या गावांना तारेचा उपयोग अनेक दशकांनंतर झाला. तारखात्यात लोकांना पैसे देऊन संदेश पाठविता येऊ लागला तो १८५० च्या दशकाच्या मध्यावर. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रतळाची तार घातली, आणि मुंबईच्या कापूसबाजारात लिव्हरपूलचा भाव त्याच दिवशी कळू लागला. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला तो भाव केव्हा कळला, याची नोंद तारखात्याने ठेवलेली नाही.

हा क्रम पुढेही टिकला. १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोनची पेढी सुरू झाली, तीही व्यापाऱ्यांसाठी. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे घरी टेलिफोन यावा म्हणून अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणे, हा मध्यमवर्गीय जीवनाचा भागच होता. सारांश, दूरसंदेशाचे कोणतेही साधन घ्या, ते प्रथम सत्तेकडे जाते, मग व्यापाराकडे, आणि सामान्य माणसाच्या दाराशी येते ते सर्वांत शेवटी. काचेच्या तारेने हा नियम मोडला काय, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक आहे.

काचेतून प्रकाश वळवून नेता येतो, या कल्पनेमागील तत्त्व जुने आहे. एकोणिसाव्या शतकात जिनिव्हाच्या कोलाडोनने आणि इंग्लंडमधील जॉन टिंडॉलने पाण्याच्या वाकलेल्या धारेतून प्रकाश जाताना लोकांना दाखविला होता. प्रकाशकिरण धारेच्या आतील बाजूवर विशिष्ट कोनातून आदळला की बाहेर न जाता परत आत वळतो आणि असे ठेचकाळत पुढे सरकतो. विसाव्या शतकात हीच गोष्ट काचेच्या तंतूत घडवून आणण्याच्या प्रयत्नात पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांचा वाटा मोठा आहे. हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये त्यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखविली. परंतु काचेतून थोडे अंतर गेले की प्रकाश विझून जाई. दोष काचेचा नसून तीतील अशुद्धतेचा आहे, आणि पुरेशी शुद्ध काच केली तर तिच्यातून संदेश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले. चारच वर्षांत अमेरिकेतील कॉर्निंग कारखान्याने तशी काच करून दाखविली. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आजच्या तंतूतून प्रकाश सुमारे पंधरा किलोमीटर गेल्यावर कोठे त्याचे तेज निम्मे होते. तांब्याच्या तारेला हे कधीही साधले नसते.

या तंतूचा भारतातील आरंभ मराठी मुलुखात झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. टपाल व तार खात्याच्या काळात, १९७९ मध्ये, शहरातल्या दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतूची जोडणी पुण्यात सुरू झाली. पुढे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, असे तंतू ओढण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. तापविलेल्या काचेच्या जाड कांडीतून माणसाच्या केसाएवढा तंतू अखंड ओढून काढणे, हे तेथील काम. १९९४ मध्ये समुद्रतळावरून येणारी प्रकाशतंतूची आंतरराष्ट्रीय तार मुंबईच्या किनाऱ्याला लागली, आणि त्यानंतर अशा आणखी तारा मुंबई व चेन्नई या दोन बंदरांत येत राहिल्या. १८७० मध्ये मुंबई हे तांब्याच्या तारेचे बंदर होते. सव्वाशे वर्षांनंतर ते काचेच्या तारेचे बंदर झाले. जुन्या वाटा सहसा मोडत नाहीत, याचे हे एक उदाहरण.

बंगळुरास समुद्र नाही. त्यामुळे सुरुवातीस त्याने आकाशाचा मार्ग धरला. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळुरात आपले केंद्र उघडले आणि स्वतःची उपग्रह-जोडणी बसविली. १९९१ मध्ये सरकारने सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यान ही संस्था स्थापन केली, आणि तिच्या उपग्रह-केंद्रांतून लहान कंपन्यांनाही परदेशी जोडणी भाड्याने मिळू लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या वेळी घरच्या टेलिफोनवरून सेकंदाला सुमारे ९,६०० अंकचिन्हे येत. एखादे छायाचित्र उघडावयाचे तर ते वरून खाली ओळीओळीने उमटत असे, आणि तोवर घरचा टेलिफोन बंद राही. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. २००४ च्या धोरणात सेकंदाला २ लाख ५६ हजार अंकचिन्हे हा ‘ब्रॉडबँड’चा किमान वेग ठरविण्यात आला. आज तो वेग उपहासाचा विषय वाटेल, परंतु तेव्हा तोही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होता.

याच सुमारास बेळ्ळंदूरचे भवितव्य बदलत होते. शहराभोवती बाह्य वळणरस्ता झाला. एका बाजूस इलेक्ट्रॉनिक सिटी, दुसऱ्या बाजूस व्हाइटफील्ड, आणि मध्ये बेळ्ळंदूर अशी रचना तयार झाली. शेते विकली गेली, कंपन्यांची संकुले आणि उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. या बदलात बेळ्ळंदूरची ग्रामपंचायत नुसती पाहत बसली नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा अनेक जिल्हा कचेऱ्यांतही संगणक हे कापडाखाली झाकून ठेवण्याचे यंत्र होते, तेव्हा या पंचायतीने घरपट्टीच्या व मालमत्तेच्या नोंदी कन्नड भाषेत संगणकावर घेतल्या. गावकऱ्याला आपली नोंद पाहता येऊ लागली, थकबाकी लपून राहीना, वसुली वाढली, आणि त्या पैशातून गावात कामे झाली. दूरदूरच्या ठिकाणाहून लोक हा प्रयोग पाहावयास येत. माहितीचे यंत्र ज्याच्या हाती आहे तो केवळ ग्राहक राहत नाही, नागरिक होतो, हे या लहानशा संस्थेने दाखविले होते. २००७ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिका झाली आणि आसपासच्या शंभराहून अधिक गावांबरोबर बेळ्ळंदूरही तिच्यात विलीन झाले. पंचायत संपली. ज्या वर्षांत प्रकाशाचे जाळे गावात शिरत होते, नेमक्या त्याच वर्षांत गावाची स्वतःची सत्ता संपुष्टात आली.

हे जाळे शिरले ते दोन वाटांनी. मोठ्या कंपन्यांच्या संकुलांत ते जमिनीखालून, दुहेरी-तिहेरी मार्गांनी आले, कारण एक तार तुटली तर दुसरीवर काम चालावे, एवढा पैसा तेथे होता. घरांकडे येणारी वाट मात्र वेगळी होती, आणि तिचा जनक कोणी अभियंता नसून गल्लीतील केबलवाला होता. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी दूरचित्रवाणीचे आकर्षण वाढले, आणि शहराशहरांत हौशी तरुणांनी गच्चीवर तबकडी बसवून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांत तारा सोडल्या. त्यांना ना फारसे भांडवल होते, ना परवाना. १९९५ च्या कायद्याने त्यांना नियमांत आणले. परंतु गच्च्यांवरून, झाडांवरून आणि विजेच्या खांबांवरून प्रत्येक घरापर्यंत पोहोचलेली एक वाट त्यांनी आधीच तयार करून ठेवली होती. दूरसंदेशाच्या धंद्यात ज्याला ‘शेवटचा मैल’ म्हणतात तो हाच, आणि सर्वांत खर्चाचाही तोच.

२००० मध्ये बंगळुरात सुरू झालेल्या एट्रिया कन्व्हर्जन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने ही वाट ओळखली. केबल दूरचित्रवाणीपासून निघून ती प्रकाशतंतूच्या इंटरनेटकडे वळली आणि ‘ॲक्ट’ या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्या विस्ताराची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. प्रथम एका शहरात दाट वस्तीचा भाग निवडावयाचा, तेथील इमारतींपर्यंत काचेचा तंतू न्यावयाचा, इमारतीत एक पेटी बसवून तेथून घरोघरी तांब्याची तार द्यावयाची, आणि मग पुढील भागाकडे वळावयाचे. दुसऱ्या शहरात जावयाचे तर तेथील चालू जाळे विकत घ्यावयाचे किंवा नव्याने घालावयाचे. हैदराबादेत बीम टेलिकॉम ही कंपनी अशीच या समूहात आली. चेन्नई, विजयवाडा, दिल्ली अशी शहरे एकामागून एक जोडली गेली. २०१७ मध्ये हैदराबादेत या कंपनीने सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे शंभर कोटी अंकचिन्हे, हा वेग घरगुती ग्राहकांना देऊ केला. १९९५ च्या वेगाशी तुलना केली तर बावीस वर्षांत तो एक लाखपटीहून अधिक वाढला, असे म्हणावे लागते. नंतर इमारतीतील तांब्याची तारही गेली आणि तंतू थेट घरात आला. एका तंतूतील प्रकाश विजेवाचून चालणाऱ्या काचेच्या विभाजकाने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटून देण्याची युक्ती सर्वत्र रूढ झाली. पाण्याच्या पाटाला बारे फुटावेत तशी ही वाटणी आहे. ५ सप्टेंबर २०१९ रोजी रिलायन्स जिओने १,६०० शहरांसाठी आपल्या तंतुसेवेची घोषणा केली, आणि सरकारी भारत संचार निगमानेही त्याच वर्षी आपली तंतुसेवा नव्या नावाने पुढे आणली. अशा रीतीने महानगरांपुरती असलेली सोय जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत जाऊ लागली.

नव्या शहरात तंतू जाण्यास उशीर का लागतो, याचे उत्तर काचेच्या किमतीत सापडत नाही. काच स्वस्त आहे. महाग आहे ते खोदकाम, आणि त्याहून महाग आहे खोदण्याची परवानगी. रस्ता महापालिकेचा, त्याखालची मलवाहिनी जलमंडळाची, खांब वीज कंपनीचा आणि इमारतीचा जिना गृहसंस्थेचा. या प्रत्येकाची संमती हवी, प्रत्येकाचे शुल्क वेगळे, आणि प्रत्येक पावसाळ्यापूर्वी खोदकाम बंद. १८८५ च्या तार कायद्याखाली २०१६ मध्ये केंद्र सरकारने मार्गाधिकाराचे नियम केले, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याखाली ते पुन्हा केले गेले. परंतु नियम दिल्लीत होतात आणि खड्डा गल्लीत पडतो. या अडचणीतून बंगळुरास जे दृश्य लाभले ते सर्वांच्या परिचयाचे आहे: झाडाच्या फांद्यांना वेटोळी घालून टांगलेल्या काळ्या तारांचे भारे. महापालिका अधूनमधून मोहीम काढून त्या तोडते, कंपन्या त्या पुन्हा बांधतात, आणि त्या भानगडीत रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या मानेस तार अडकते. प्रत्येक कंपनीची तार निराळी, त्यामुळे एकाच झाडावर पाच-सहा जाळी लोंबत राहतात, आणि पलीकडच्या झोपडवस्तीत एकही जात नाही.

हे दृश्य अटळ होते असे मात्र नाही. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिने १९९४ मध्ये महापालिकेच्या मालकीची एक कंपनी काढली. तिने रस्ते एकदाच खोदले, तंतू एकदाच घातले आणि ते सर्व व्यापारी कंपन्यांना सारख्या दराने भाड्याने दिले. रस्ता जसा नगरपालिकेचा आणि गाड्या ज्याच्या त्याच्या, तशीच ही व्यवस्था. अमेरिकेतील चॅटनूगा या मध्यम आकाराच्या शहरात महापालिकेच्या वीज मंडळानेच २०१० मध्ये संपूर्ण शहराला एक गिगाबिटची सेवा देऊ केली. उलट कॅन्सस सिटी येथे २०१२ मध्ये गूगल कंपनीने तंतू घातला तेव्हा वस्त्यांना सांगितले की, पुरेशा घरांनी आधी नोंदणी केली तर तुमच्याकडे येऊ. श्रीमंत वस्त्यांची नोंदणी झटपट झाली. गरीब व कृष्णवर्णीय वस्त्या मागे पडल्या, आणि त्यांच्यासाठी समाजसेवकांना दारोदार फिरून नोंदणी करावी लागली. तंत्र तिन्ही ठिकाणी एकच होते. फरक पडला तो कोणी आणि कोणत्या अटीवर घातले, यामुळे.

भारतानेही एक सार्वजनिक निर्णय घेतला होता. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याची योजना मंजूर केली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतू न्यावा, असा तिचा उद्देश होता. अजमेर जिल्ह्यातील अराईं, उत्तर त्रिपुरातील पानीसागर आणि विशाखापट्टणम् जिल्ह्यातील परवाडा या तीन गटांत प्रथम प्रयोग झाले. पुढे या योजनेस ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. दोन वर्षांत संपावयाचे काम लांबत गेले. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा पुरा होण्यास २०१७ चा डिसेंबर उजाडला. २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित आराखडा मंजूर झाला, आणि २०२४ पर्यंत दोन लाखांहून अधिक पंचायती या जाळ्यात आल्याची नोंद झाली. आकडा लहान नाही. परंतु अनेक पंचायतींत पेटी बसली आणि दिवा लागला नाही, हेही तितकेच खरे. वीज नसणे, रस्ता रुंद करताना तंतू तुटणे, तुटल्यावर जोडावयास कोणी न येणे, ही त्याची कारणे वारंवार पुढे आली. तंतू घालण्यास ठेकेदार मिळाला; नीरुगंटी मिळाला नाही.

ही उणीव किती महाग पडते, हे २०२० मध्ये देशाने अनुभविले. साथीच्या टाळेबंदीत शाळा, कचेऱ्या आणि दवाखान्यांची चौकशी, सर्व काही तारेवरून होऊ लागले. बेळ्ळंदूरच्या इमारतींत ज्यांच्या घरी तंतू होता, त्यांची कचेरी एका रात्रीत दिवाणखान्यात आली. ज्यांच्या घरी नव्हता, त्यांची मुले एका मोबाइलभोवती बसली, किंवा संकेत मिळेल अशा टेकडीवर, गच्चीवर जाऊन बसली. २०२४ च्या अखेरीसही देशात तारेने जोडलेल्या ब्रॉडबँडची संख्या चार कोटींच्या आसपास होती, तर बिनतारी जोडण्या नव्वद कोटींच्या घरात होत्या. म्हणजे बहुतेक भारतीयांचे इंटरनेट हे हातातील मोबाइलचे आहे; घरात येऊन स्थिर राहणारा, अनेकांना एका वेळी पुरणारा तंतू अजून थोड्यांचाच आहे. तो प्रथम सत्तेकडे, मग व्यापाराकडे आणि शेवटी घराकडे आला. जुना क्रम या वेळी बदलला नाही. फक्त त्याला लागणारा काळ कमी झाला.

येथे पुन्हा बेळ्ळंदूरच्या तलावाकडे वळणे अवश्य आहे. पठारावरचे पाण्याचे जाळे आणि त्यावर अंथरलेले प्रकाशाचे जाळे यांचा हिशेब एकत्र मांडल्याखेरीज या विस्ताराची खरी किंमत कळत नाही. शहर वाढले तसे राजकालव्यांवर बांधकामे झाली, कोठे ते अरुंद झाले, कोठे बुजले. ज्यातून पावसाचे पाणी यावयाचे, त्यातून शहराचे सांडपाणी येऊ लागले. २०१५ मध्ये तलावावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगू लागले आणि वाऱ्याने रस्त्यावर येऊ लागले. त्याच वर्षी त्या फेसाने पेट घेतला. २०१७ च्या फेब्रुवारीत आणि २०१८ च्या जानेवारीत तलाव पुन्हा पेटला. पाणी जळते, ही गोष्ट पुराणात शोभावी अशी. परंतु तिची चित्रे तंतूंच्या वेगाने जगभर गेली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर तलावातील पाणी काढून गाळ उपसण्याचे काम बंगळूर विकास प्राधिकरणास हाती घ्यावे लागले. आणि २०२२ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली तेव्हा बुजलेल्या वाटांनी पाणी आपला जुना मार्ग शोधीत बाह्य वळणरस्त्यावरच्या संकुलांत शिरले. सेकंदाला कोट्यवधी अंकचिन्हे पाठविणाऱ्या कंपन्यांतील माणसे ट्रॅक्टरच्या डब्यात उभी राहून कामावर गेली.

हा प्रसंग नव्या तंत्राची थट्टा करण्यासाठी सांगावयाचा नाही. तंतूने बेळ्ळंदूरला व त्यासारख्या अनेक ठिकाणांना रोजगार दिला, आणि घरी बसलेल्या स्त्रीला, आजारी माणसाला, दूरच्या विद्यार्थ्याला जगाशी जोडले, हे नाकारता येणार नाही. जी शहरे अद्याप या जाळ्याबाहेर आहेत, त्यांनी ते मागणे रास्तच आहे. परंतु ते मागताना त्यांना बेळ्ळंदूरचा अनुभव उपयोगी पडावा. पाण्याचे जाळे नाहीसे झाले ते ते जुने होते म्हणून नव्हे. त्याची मालकी गावाकडून निघून खात्याखात्यांत विभागली गेली, आणि राखणदार कोणीच उरला नाही, म्हणून ते नाहीसे झाले. प्रकाशाचे जाळे आज नवे आणि झगमगते आहे. तेही पाच-सहा कंपन्यांत, तितक्याच खात्यांत आणि असंख्य परवान्यांत विभागलेले आहे. रस्ता एकदाच खोदून सर्वांसाठी एकच नळी घालावयाची की प्रत्येकाने आपली तार झाडाला बांधावयाची, दाट आणि श्रीमंत वस्तीपाशी थांबावयाचे की शेवटच्या वस्तीपर्यंत जावयाचे, आणि तार तुटली तर ती कोणी जोडावयाची, हे प्रश्न अभियंत्याचे नाहीत. ते नगरपालिकेच्या सभेचे आणि ग्रामसभेचे प्रश्न आहेत.

बेळ्ळंदूरच्या पंचायतीने, तंतू गावात येण्याच्या आधीच, काही थोड्या संगणकांवर गावाचा हिशेब गावासमोर मांडला होता. तिच्यापाशी वेग नव्हता. परंतु यंत्र कशासाठी आणि कोणासाठी, हे तिला निश्चित ठाऊक होते. ज्या नव्या शहरांच्या वेशीवर आज तंतूंची रिळे उतरत आहेत, त्यांनी खोदकामाला परवानगी देण्यापूर्वी एवढे एक ठरविले, तरी त्यांचे जाळे बेळ्ळंदूरच्या बांधाहून अधिक काळ टिकेल.